मदत हवी आहे: हार्ट अटॅकच्या रुग्णाला पुढे पाठवण्यात जाणारा वेळ कसा वाचवायचा?

नमस्कार. मी एका छोट्या रुग्णालयात कॅज्युअल्टीत नर्स आहे. आमच्याकडे कॅथलॅब, म्हणजे हृदयाची बंद झालेली रक्तवाहिनी अँजिओप्लास्टीने उघडायची सोय, नाही. अँजिओप्लास्टी जिथे होते ते रुग्णालय रस्त्याने पाऊण तासावर आहे.

गेल्या महिन्यात पन्नाशीतले एक गृहस्थ आले. छातीत जळजळ, दरदरून घाम, डावा हात जड. स्वतःच्या पायांनी चालत आले म्हणून त्यांना बाकावर बसवलं आणि मुलगा केसपेपरच्या रांगेत लागला. ईसीजी काढायला घेतला तर मशीनमधला कागद संपलेला. नवा रोल कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली दुसऱ्या मजल्यावर. मी इलेक्ट्रोड लावून उभी आणि ते मला विचारतायत, "सिस्टर, ॲसिडिटीच आहे ना?" पट्टी हातात आली तेव्हा २, ३ आणि एव्हीएफ या लीड्समध्ये एसटी (ईसीजीच्या रेषेतला एक भाग) चांगलाच उचललेला होता, म्हणजे हार्ट अटॅकच. पहिला ईसीजी १० मिनिटांत व्हायला हवा, आमचा २६व्या मिनिटाला झाला.

पुढचं त्याहून वाईट. फोटो पाठवला, पण तिकडचे तज्ज्ञ दुसऱ्या केसमध्ये होते. बेड आहे का, यासाठी वेगळा फोन. मग 'ट्रोपोनिनचा (हृदयाला इजा झाली का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आल्यावर कळवा' असा निरोप. नातेवाइकांच्या सह्या, चालकाची शोधाशोध. रुग्णवाहिका निघाली तोवर त्यांना येऊन १ तास ५० मिनिटं झाली होती. ते वाचले, पण हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलंय. जिना चढताना धाप लागते, असं मुलगा परवा सांगत होता.

कागदाचं मी मार्गी लावलं. प्रत्येक पाळीला आधी एक पट्टी काढून बघायची, जास्तीचा रोल मशीनलाच बांधलेला. केसपेपरच्या आधी ईसीजी, हेही वरिष्ठांनी मान्य केलं. अडलंय ते निर्णयापाशी.

निदानापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण हिशेब करताना फक्त रस्त्याची ४५ मिनिटं धरतात. "पाऊण तासावर तर आहे, पाठवून द्या." निघण्याआधी आमच्याकडे जाणारा आणि तिकडे पोचल्यावर लागणारा वेळ कोणी धरतच नाही. तुमच्याकडे हा निर्णय कोण घेतं? आणि नर्सने हा विषय काढायचा कसा?

प्रतिसाद १
ताई, मी इमर्जन्सीत डॉक्टर आहे. तुमचाच हिशेब बघा. ईसीजी २६व्या मिनिटाला, निघाले ११०व्या, म्हणजे ८४ मिनिटं तिथेच गेली. त्यात ४५ मिळवा, १२९. रुग्ण तिकडच्या दारात पोचायच्या आतच १२० उलटून गेलेली. मागच्या दहा रेफर केसेसच्या अशा वेळा लिहून वरिष्ठांपुढे ठेवा, नुसतं बोलून पटत नाही. अँजिओप्लास्टीत वायर गुठळीपार कधी गेली, म्हणजे रक्तवाहिनी उघडायला प्रत्यक्ष कधी सुरुवात झाली, ती वेळ त्या रुग्णालयाकडून मागून घ्या. आणि आधी सगळी घड्याळं जुळवा. आमच्या ईसीजी मशीनचंच घड्याळ ७ मिनिटं मागे निघालं होतं.

एसटी स्पष्ट उचललेला असताना ट्रोपोनिनसाठी थांबायचं नसतं. आमच्याकडे एकच नंबर आहे, तो उचलणाराच कॅथलॅबची टीम बोलावतो आणि रुग्ण थेट कॅथलॅबमध्ये जातो. तुमच्याकडे आत येण्यापासून बाहेर पडण्यापर्यंत जास्तीत जास्त ३० मिनिटं लागायला हवीत. एकूण १२० मध्ये बसत नसेल तर निदानापासून १० मिनिटांत इंजेक्शन. टेनेक्टेप्लेस हे गुठळी विरघळवणारं औषध वजनानुसार शिरेतून एकदाच देतात, वय ७५च्या पुढे असेल तर निम्मा डोस. पूर्वीचा मेंदूतला रक्तस्राव, अलीकडचा स्ट्रोक किंवा मोठं ऑपरेशन, चालू रक्तस्राव, यांपैकी काही असेल तर इंजेक्शन धोक्याचं, म्हणून ही विचारायची यादी ट्रॉलीवरच चिकटवा. इंजेक्शन दिल्यावरही रुग्णाला लगेच पाठवायचंच. ६० ते ९० मिनिटांत एसटी निम्म्याने उतरला नाही तर तातडीची अँजिओप्लास्टी लागते.

प्रतिसाद २
मी रुग्णवाहिकेवर असतो. पट्टी हातात आली की पहिला फोन आम्हाला करा. तुमचं तिकडे बोलणं होईस्तोवर गाडी दारात लागलेली असते.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. आज रात्रपाळीत रजिस्टर घेऊन बसते. डॉक्टर, एकच विचारायचं राहिलं: रात्री आमच्याकडे एकटेच डॉक्टर असतात आणि तेही कधी लेबर रूममध्ये अडकलेले असतात. ते येईपर्यंत नर्सने ती यादी विचारून भरून ठेवली तर तुमच्याकडे चालतं का?