अवकाळी पावसाने दुष्काळ धुऊन निघतो, असे मानणाऱ्यांस

जिरायतदार, मंगळवेढा: 2023 च्या नोव्हेंबरात पाऊस झाल्यावर दुष्काळाची ओरड करण्यात अर्थ उरला नव्हता, असे काल येथे एका सभासदाने लिहिले. मालदांडी ही आमची रब्बी ज्वारी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर येते. हस्ताचा पाऊस चुकला की पेरणीच अडते, आणि महिनाभराने आलेली सर ती तूट भरून काढत नाही. शासनाने त्या वर्षी 31 ऑक्टोबरला 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तो काय हौसेने?

आकडेमोड: ते लिहिणारा मीच. तो निर्णय खरिपाचा होता. त्याच्या आधारे रब्बी बुडाल्याचा निकाल आपण कसा लावता? उशिरा पेरलेल्या हरभऱ्याला आणि गव्हाला तोच पाऊस लाभला असेल, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

द्राक्षबागायतदार, निफाड: लाभला! 26 नोव्हेंबरला आमच्याकडे गारपीट झाली, घडांचा चिखल झाला. जे घड वाचले त्यांच्यासाठी डाउनी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने फवारण्या वाढल्या. पुढे पारा पाच-सहा अंशांवर उतरला की मणी तडकतात, म्हणून आम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो आणि ठिबक चालू ठेवतो. ज्वारीवाल्यांना मात्र थंडी हवीच असते.

जिरायतदार, मंगळवेढा: हवी असते, कारण आमच्याकडे ठिबक नाही आणि शेततळेही नाही. ज्या वर्षी आमच्या गावात टँकर येतो, त्याच वर्षी कोणाची तळी विहिरीतून उपसून भरली जातात, हे आम्ही पाहिलेले आहे. गारपिटीचे दुःख खरे, परंतु त्याला दुष्काळाच्या पंक्तीत बसवू नका.

द्राक्षबागायतदार, निफाड: कर्ज काढून अस्तरीकरण केलेले तळे म्हणजे चोरीचे पाणी नव्हे! आपल्याच जिल्ह्यातील ऊस बघा. उजनी धरणाच्या 117 टीएमसींपैकी (अब्ज घनफुटांपैकी) सुमारे 63 टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापराबाहेरचे तळाचे पाणी, तरीही धरण भरल्याची बातमी आली की लागणी सुरू होतात. तेथे बोट ठेवण्याचे धाडस का होत नाही?

जिरायतदार, मंगळवेढा: ठेवतो की, माझा सख्खा चुलतभाऊच ऊस लावतो आणि त्याच्याशी दर पाडव्याला भांडण ठरलेले असते. म्हणून आपली बाग निर्दोष ठरत नाही.

आकडेमोड: आपण दोघे भांडून घ्या. रब्बीची पैसेवारी, म्हणजे पीक किती आले याचा सरकारी अंदाज, स्वतंत्र काढली जाते, तेव्हा नोव्हेंबरच्या एका पावसावरून रब्बी वाचल्याचा निर्वाळा देणे घाईचे होते, एवढे मी मोठ्या मनाने कबूल करतो. मात्र महसूल मंडळातील (काही गावांच्या गटातील) पर्जन्यमापकाची नोंद पुरावा आहे, चुलतभाऊ नव्हे.

जिरायतदार, मंगळवेढा: उपकार झाले. तो पर्जन्यमापक मंडळात एका ठिकाणी असतो. तेथे सर पडली आणि शिवाराच्या दुसऱ्या टोकाला ढेकूळही भिजले नाही, तरी कागदावर सबंध मंडळ ओले ठरते. आपल्या पुराव्याची व्याप्ती एवढीच आहे.

आकडेमोड: मग गावोगावी पर्जन्यमापक मागा. त्या अर्जावर मीही सही करीन, द्राक्षवाल्यांनी केली तर.