मदत हवी आहे : झेब्राफिशच्या पिल्लांत हृदयाभोवती पाणी, पण दोष हृदयाचा की खुंटलेल्या वाढीचा?

नमस्कार मंडळी,

झेब्राफिशवर (प्रयोगशाळेत वापरतात तो छोटा मासा) काम केलेलं कुणी इथे असेल तर जरा मार्गदर्शन करा. जखमेच्या पट्ट्यांत वापरतात त्या चांदीच्या नॅनोकणांची चाचणी चालू आहे, ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २३६ क्रमांकाच्या, माशांच्या गर्भावरच्या प्रमाणित पद्धतीने, म्हणजे फलनापासून ९६ तास.

जास्त मात्रेत ७२ तासांना जे दिसतं ते बघून वाईट वाटतं. हृदयाच्या आवरणात पाणी भरलेलं, हृदय ताणून दोरीसारखं बारीक झालेलं, दोन्ही कप्पे शेजारी न वळता एका ओळीत. ठोके मंद. पण त्याच पिल्लांत बलकही बराच शिल्लक, शेपूट वाकडी, आणि काही तर अजून अंड्याच्या कवचातच अडकलेली.

अहवालात ‘हृदयावर विषारी परिणाम’ असं लिहावं असा आग्रह होतोय. मला ते घाईचं वाटतं. कवचाची छिद्रं जेमतेम अर्ध्या मायक्रॉनची. कणांचे गठ्ठे बाहेर चिकटले की गर्भाला प्राणवायू कमी पडतो, वाढ रेंगाळते. शिवाय कणांतून चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, सुटतात ते वेगळेच. उद्या हे कण रुग्णाच्या अंगावर लागणार, म्हणून नेमकं कारण कळायलाच हवं.

कणांविना नुसत्या आयनांचा परिणाम कळावा म्हणून सिल्व्हर नायट्रेटचा कंट्रोल (तुलनेचा गट) लावलाय, पण पिल्लं ठेवतो त्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे चांदी खाली बसते. विरघळलेली चांदी मोजून मात्रा जुळवता का तुम्ही? आणि प्रोनेज या प्रथिनं पचवणाऱ्या विकराने कवच काढून तुलना करावी का?

प्रतिसाद :

दोन्ही करा. एकूण चांदी जुळवून उपयोग नाही, अल्ट्राफिल्ट्रेशननंतर (कण अडवणाऱ्या अतिसूक्ष्म गाळणीतून गाळल्यावर) गाळलेल्या पाण्यात उतरते तीच जुळवा. कवच काढलेल्यांत हृदय सुधारलं तर प्राणवायूचा संशय बळावतो.

कंट्रोल तासांवर निवडू नका, वाढीच्या टप्प्यावर निवडा. तुमचं ७२ तासांचं पिल्लू ५५ तासांच्या निरोगी पिल्लाएवढंच वाढलं असेल तर ठोके त्याच्याशी ताडून बघा. मोजताना पाणी गार होऊ देऊ नका, ट्रायकेन हे माशांचं भूलीचं औषधही टाळा, दोन्हींनी ठोके उतरतात. पिल्लू हलतंय म्हणून हृदय ठीक असंही धरू नका, या वयात प्राणवायू त्वचेतूनच मिळतो, रक्ताभिसरण थांबलं तरी ते काही दिवस तगतं.

सगळ्यात महत्त्वाचं, मात्रा खाली आणा. वरच्या मात्रेत सगळंच बिघडतं. लांबी, डोळे, कवचातून बाहेर येणं हे सगळं ठीक आणि हृदय तेवढं बिघडलेलं, अशी मात्रा सापडली तरच अहवालात हृदयाचं नाव घ्या.