सुरक्षा-त्रुटी जाहीर करायची कशी: आधी पॅच की आधी सूचना?

निरगाठ: पायथनच्या एका छोट्या मुक्तस्रोत लायब्ररीत पाथ ट्रॅव्हर्सलची (फाइलचा मार्ग बदलून नको त्या फाइलींपर्यंत पोचता येण्याची) त्रुटी आहे, असं खासगी मेलने कळलं. दुरुस्ती तयार आहे. पॅच (दुरुस्तीचा कोड) आज गुपचूप मर्ज करून (मुख्य कोडमध्ये मिसळून) आठवड्याने जाहीर करावं का? लायब्ररी कोण कोण वापरतं, याची यादी नाही.

कोकणकडा: गुपचूप मुळीच नको. कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) सार्वजनिक झाला की डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) वाचून भोक शोधणारे असतातच. मग आठवडाभर हल्लेखोराला माहीत आणि वापरकर्त्याला नाही, अशी गत होते. रेपो (कोडचं भांडार) गिटहबवर असेल तर ड्राफ्ट अ‍ॅडव्हायजरी (सुरक्षा-सूचनेचा खासगी मसुदा) उघडा आणि तिच्याच तात्पुरत्या खासगी फोर्कमध्ये (कोडच्या वेगळ्या प्रतीत) दुरुस्ती करा. तिथे सीआय (आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) चालत नाही, टेस्ट स्वतःच्या मशीनवर चालवा. सीव्हीई क्रमांक (त्रुटीचा सार्वत्रिक ओळख-क्रमांक) आधीच मागवा, तो लगेच मिळेल असं नाही. मग मर्ज, पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावर) रिलीज आणि अ‍ॅडव्हायजरी, तिन्ही लागोपाठ.

यादी नसली तरी डिपेंडाबॉट आणि पिप-ऑडिट ही बाधित पॅकेजांचा इशारा देणारी साधनं लोकांपर्यंत पोचतात. फक्त पॅकेजचं नाव पायपीआयवरचंच हवं आणि बाधित आवृत्त्यांची मर्यादा नेमकी हवी. जुनी शाखा त्यातून सुटली, तर तिच्या वापरकर्त्यांना इशारा जाणारच नाही, आणि ते स्वतःला सुरक्षित समजत राहतील.

रात्रपाळी: पूर्वसूचनेचाही विचार करा. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीने २५ ऑक्टोबर २०२२ ला एवढंच सांगितलं की १ नोव्हेंबरला ३.०.७ येतेय आणि त्रुटी गंभीर आहे. तपशील शून्य, पण लोकांना आपली सर्व्हरं तपासायला आठवडा मिळाला. तुमची लायब्ररी लिनक्स डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या तयार वितरणांमध्ये) जात असेल, तर त्यांच्या खासगी मेलिंग लिस्टवर जास्तीत जास्त १४ दिवस गुप्तता पाळली जाते.

कोकणकडा: छोट्या लायब्ररीला पूर्वसूचनेची गरज नाही, उगाच शोधाशोध सुरू होते. मजकुरावर मेहनत घ्या: कोणतं फंक्शन, कोणता इनपुट, अपग्रेड जमत नसेल तर तात्पुरता उपाय काय. तो उपाय नीट तपासूनच लिहा. लॉगफोरजे या जावाच्या लॉगिंग लायब्ररीतल्या त्रुटीवर डिसेंबर २०२१ ला लुकअप (लॉगच्या मजकुरातल्या खुणेवरून माहिती शोधून आणणं) बंद करायची सेटिंग सुचवली गेली, ती अपुरी ठरली, २.१५.० ची दुरुस्तीही अर्धवट निघाली, मग २.१६.० आली. म्हणून अ‍ॅडव्हायजरीत काही बदललं तर तारखेसह वरच नोंदवा.

निरगाठ: जुन्या आवृत्त्या पायपीआयवर यँक केल्या (मागे घेतल्याची खूण केली) तर पुरेल?

रात्रपाळी: नाही. ज्यांनी दोन बरोबर-चिन्हांनी आवृत्ती पिन केली आहे (नेमकी तीच हवी असं लिहिलं आहे), त्यांच्याकडे ती तरीही बसते, पिप हे पॅकेज बसवणारं साधन फक्त इशारा दाखवतं. आधीच बसवलेल्यांना तर काहीच कळत नाही.