मदत हवी आहे: कराराचा परिणाम वेगळा कसा काढायचा?
नमस्कार मंडळी. प्रादेशिक व्यापार करारांवर प्रबंध लिहितेय आणि एका जागी पुरती अडकले आहे. आरसेपवर (RCEP, म्हणजे आशिया-पॅसिफिकमधल्या देशांचा प्रादेशिक व्यापार करार) १५ देशांनी नोव्हेंबर २०२० मध्ये, ऐन महामारीत सह्या केल्या. लागू व्हायला १ जानेवारी २०२२ उजाडला. पण जागतिक व्यापार आणि थेट परकीय गुंतवणूक २०२१ मध्येच सावरली होती! मग नंतरच्या वाढीत कराराचा वाटा किती, हे कसं ठरवायचं? शुल्ककपात तर साधारण २० वर्षांत टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. मला वाटतं, खरा फरक सामायिक मूळदेश-नियमांनी (माल कुठल्या देशातला मानायचा हे ठरवणाऱ्या नियमांनी) पडतो: सुटे भाग कुठल्याही सदस्य देशातले असले तरी आयात शुल्कात सवलत मिळू शकते, आणि कारखाना कुठे काढायचा हे ठरवताना गुंतवणूकदार तेच बघत असणार. कुणी असं काम केलंय का? कोणती पद्धत वापरलीत, कृपया सांगा.