मिसळीच्या कटाचं तेल पचतं कुठं?

कुणीतरी लिहिलंय, मुलांना 'सगळं जठरात पचतं' एवढं सांगितलं की पुरे. ते अर्धंच खरं. कोल्हापुरातल्या पोरांना मिसळीवरून सांगा. ब्रेडचा तुकडा मिनिटभर नुसता चावायला लावा, गोडसर लागेल. लाळेनं पिठूळ भागाची साखर व्हायला लागते. मटकीतली प्रथिनं जठरातल्या आम्लात तुटायला लागतात. कटावरचा तेलाचा तवंग मात्र मुख्यतः लहान आतड्यात पचतो. तिथं पित्त त्याचे बारीक थेंब करतं, मग स्वादुपिंडाचा रस ते पचवतो. (वाटीभर पाण्यात चमचाभर तेल ढवळा, मग भांड्यांचा साबण घालून पुन्हा ढवळा. फरक दिसतो; पित्तही तेलाचं असंच करतं.) तेल जास्त असलं की जठर सावकाश रिकामं होतं, म्हणून पोट जड वाटतं.