मदत हवी आहे : घरी ठेवलेल्या परिचारिकेने भाचीची काळजी कशी घ्यावी?

पाचपाखाडीची मावशी : माझी सतरा वर्षांची भाची रुग्णालयातून घरी आली आहे. दिवसपाळीला परिचारिका आहे, ताट रिकामे होते, तरी वजन वाढत नाही. परिचारिकेने नेमके काय करावे? कृपया लवकर सांगावे. सोमवारपासून तिची आई कामावर रुजू होणार आहे.

निवृत्त सिस्टर, ऐरोली : ताई, आजाराचे नाव आपण लिहिलेलेच नाही. उलट्या होतात का? रक्ताचे अहवाल कसे आहेत?

नाचणीवाले काका : एवढी चौकशी कशाला? नाचणीचे सत्त्व तुपात परतून चार वेळा द्यावे. आमचा मुलगा टायफॉइडनंतर त्यावरच उभा राहिला.

निवृत्त सिस्टर, ऐरोली : काका, टायफॉइडमधून उठलेल्याला खायला भीती वाटत नाही, या मुलीला ती वाटत असावी. शिवाय फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेले, तर रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने उतरून हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून आहार डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणेच वाढवावा लागतो.

घोडबंदरकर : परिचारिका कोणत्या ब्यूरोची आहे? आमच्याकडे बारा तासांच्या पाळीला जेवण वेगळे द्यावे लागते.

पाचपाखाडीची मावशी : ॲनोरेक्सिया आहे, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे टाळण्याचा मानसिक आजार. उलट्या होत नाहीत असे ती म्हणते. परंतु जेवण होताच न्हाणीघरात जाते आणि नळ मोठा सोडते.

निवृत्त सिस्टर, ऐरोली : मग संशयाला जागा आहे. जेवणानंतर निदान तासभर तिला एकटे सोडू नये, मात्र तो पहारा वाटू नये, म्हणून परिचारिकेने तिच्यासोबतच जेवावे आणि नंतर पत्त्यांचा डाव मांडावा. उलटी झालीच, तर लगेच दात घासू न देता चूळ भरायला लावावी, कारण आम्लाने मऊ पडलेले दातांचे आवरण ब्रशने झिजते. वजन सकाळी, लघवीनंतर, हलक्या कपड्यांत घ्यावे. आकडा फुगवण्यासाठी आधी तांब्याभर पाणी पिणारे रुग्ण मी पाहिले आहेत. ‘किती वाळलीस’ आणि ‘आता छान भरलीस’, ही दोन्ही वाक्ये पाहुण्यांनाही बंद करावीत.

नाचणीवाले काका : न्हाणीघराला कुलूप लावा, प्रश्न मिटला.

मानसोपचार विभाग, वाशी : कुलूप लावल्यास ती पिशवीत उलटी करील, आणि विश्वास तुटला की नाडीही मोजू देणार नाही. नाडी आणि रक्तदाब आडवे असताना व उभे राहिल्यावर, असे दोन्ही वेळा मोजावेत. भोवळ किंवा छातीत धडधड असल्यास थेट रुग्णालय गाठावे. आईला स्वतःसाठी बोलायचे असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे.

पाचपाखाडीची मावशी : अहवाल सापडला. पोटॅशियम ३.१ आहे. सोमवारी दाखवले तर चालेल ना?

निवृत्त सिस्टर, ऐरोली : नाही. ते ३.५ या किमान सामान्य पातळीच्या खाली आहे आणि उलट्यांनी आणखी घटते. आत्ताच तिच्या डॉक्टरांना फोन करावा. ते भेटले नाहीत, तर आजच रुग्णालयात न्यावे.