टिक्का टी३एक्स लाइट की होवा १५००? (.३०८, न्यूझीलंडमध्ये रेड डिअरसाठी)

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी. ठाण्यात १० मीटर एअर रायफल मारतो, त्यामुळे श्वास, ट्रिगर, फॉलो-थ्रू हे कळतं. मोठ्या बोरची (नळीच्या व्यासाची) रायफल मात्र कधी खांद्याला लावलेली नाही. नोकरीनिमित्त क्राइस्टचर्चला जायचंय. तिथले सहकारी दक्षिण बेटावर रेड डिअरच्या मागे डोंगर चढतात. लायसन्स तिथे गेल्यावर रीतसर काढणार आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे हे माहीत आहे, त्यावर बोलायचं असेल तर कृपया वेगळा धागा काढा.

रायफलसाठी दोन नावं उरलीत. दोन्ही .३०८ विंचेस्टर काडतुसाच्या, दोन्ही स्टेनलेस: टिक्का टी३एक्स लाइट आणि होग स्टॉकवाली (होग कंपनीच्या दस्त्याची) होवा १५००. कागदावर दोन्ही सारख्याच वाटतात. फरक नेमका कुठे पडतो? उंची ५ फूट ५ इंच. अंतर बहुतेक २५० मीटरच्या आत.

पारसिक_बोगदा
अचूकतेवर ठरवू नका. टिक्का १०० मीटरवर तीन गोळ्यांचा १ एमओए (अंशाचा साठावा भाग) ग्रुप कंपनीच्या हमीने देते, म्हणजे तिन्ही भोकं साधारण २९ मिलिमीटरमध्ये. होवाही बऱ्या काडतुसाबरोबर त्याच घरात बसते. हरणाचा मर्मभाग २०-२५ सेंटिमीटरचा. रायफल दोन्हीकडे पुरून उरते, कमी पडतो तो मारणारा.

खरा फरक वजनाचा. टी३एक्स लाइट रिकामी तीन किलोच्या आसपास, होग स्टॉकची होवा साडेतीनच्या. स्कोप, माउंट, गोळ्या धरल्या तरी हा अर्धा किलो कमी होत नाही, आणि तिकडे लोक दिवसभर चढतात. दुसरं, बोल्ट, म्हणजे गोळी भरायला-काढायला मागेपुढे करायचा दांडा. टिक्काचा ७० अंश उचलावा लागतो, होवाचा ९०. ७० अंशात स्कोपच्या मागच्या भागाला बोटं घासत नाहीत, हातमोजे असले तरी. आणि टिक्काचा बोल्ट पहिल्या दिवसापासून लोण्यासारखा चालतो. होवाचा नवा असताना खरखरतो, वापरून मोकळा होतो.

तोटे सांगतो. मॅगझिन प्लॅस्टिकचं, .३०८ मध्ये तीन गोळ्यांचं, आणि सुटं घ्यायला गेलं तर डोळे पांढरे होतात. तरी एक जास्तीचं घ्याच. डोंगरात मॅगझिन हरवलं की हातात एका गोळीची रायफल उरते. बरं एवढंच, की टी३एक्सची गोळी भरायची खिडकी जुन्या टी३पेक्षा मोठी केलीय, एकेक गोळी हाताने भरता येते.

वाशी_खाडी
पारसिक, वजनाचं मान्य. पण हलकी रायफल झटका जास्त देते, हे घोडबंदरकरांना कोणी सांगायचं? काडतूस तेच असेल तर झटक्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात. स्कोपसकट साडेतीन आणि चार किलो धरा, होवात ती आठवा हिस्सा कमी. एअर रायफलवरून येणाऱ्याला हा फरक जाणवतो. झटक्याची धास्ती बसली की माणूस ट्रिगर ओढायच्या आधीच डोळे मिटतो, आणि ती सवय मोडायला फार वेळ जातो.

माझं मत होवाला जातं ते सेफ्टीमुळे. होवाची सेफ्टी तीन टप्प्यांची. मधल्या टप्प्यात ट्रिगर अडवलेला, तरी बोल्ट उघडतो. गोळी बाहेर काढताना सेफ्टी लागलेलीच राहते. टिक्काची दोन टप्प्यांची, सेफ्टी लावली की बोल्टही अडकतो. म्हणजे चेंबरमधली (नळीच्या मागच्या टोकात भरलेली) गोळी काढायला सेफ्टी उघडावीच लागते. धोकादायक नाही, पण क्रम अंगवळणी हवा: नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, आधी मॅगझिन काढा, मग सेफ्टी उघडा, बोल्ट मागे, चेंबर डोळ्याने बघा आणि बोटाने चाचपा.

ट्रिगरही बघा. होवाचा दोन टप्प्यांचा: आधी ढिला प्रवास, मग भिंत. तुमचं बोट मॅच एअर रायफलवर ह्यालाच सरावलेलं असेल. टिक्काचा एका टप्प्याचा, साधारण १ ते २ किलोमध्ये हवा तसा लावता येतो, स्वच्छ तुटतो. पण थंडीने बधिर झालेल्या बोटाने तो एका किलोवर ठेवू नका.

होवाचं दुखणं म्हणजे तो होगचा रबरी स्टॉक. पुढचा भाग लवचीक आहे. बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या टेकूवर) जोर दिला की स्टॉक वर येऊन नळीला टेकतो आणि गोळी सरकते. दुकानातच तपासा: नळी आणि स्टॉकमध्ये कागदाची पट्टी घाला, बायपॉड जिथे बसतो तिथे दाबा, पट्टी अडकली की समजा स्टॉक नळीला टेकतोय. बायपॉडऐवजी बॅगेवर टेकवून मारणार असाल तर फारसं बिघडत नाही.

तलावपाळी
दोघेही बरोबर, पण पाच फूट पाच उंची कोणी लक्षातच घेतली नाही. कोपर काटकोनात वाकवा, कोपराच्या खळग्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत मोजा. ते माप आणि बटप्लेट ते ट्रिगर हे अंतर जवळपास जुळायला हवं. स्टॉक लांब पडला तर मान पुढे ताणली जाते, जाड जॅकेट घातल्यावर आणखीच. टिक्काच्या बटला स्पेसर मिळतात, पण स्पेसरने लांबी वाढते, कमी होत नाही. लांब पडत असेल तर स्टॉक कापून घ्यावा लागतो. म्हणून जॅकेट अंगात घालून दुकानात जा, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग डोळे उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल दिसला तर माप बसलं. काळी किनार दिसली तर नाही.

आय रिलीफ (स्कोप ते डोळा अंतर) ९ सेंटिमीटरच्या आसपास असलेलाच स्कोप घ्या. हलक्या .३०८ वर त्याहून कमी चालत नाही, भुवईवर अर्धचंद्र उमटतो.

टिक्कात एक खास गोष्ट. रिकॉइल लग (झटका स्टॉकवर उतरवणारा तुकडा) रिसीव्हरचा, म्हणजे बोल्ट ज्यात चालतो त्या धातूच्या सांगाड्याचा, भाग नाही. ती वेगळी पट्टी स्टॉकमध्ये बसते आणि रिसीव्हरच्या खाचेत शिरते. साफसफाईला रायफल स्टॉकमधून काढली की परत बसवताना गडबड इथेच होते. बट जमिनीवर टेकवून रायफल उभी धरा, रिसीव्हर मागे दाबा, खाच पट्टीवर घट्ट बसू द्या, मग स्क्रू आळीपाळीने आवळा, शेवटचा आवळ टॉर्क रेंचने. न बसता आवळलं तर ग्रुप फुटतो आणि माणूस उगाच स्कोपला दोष देतो. जुनी टी३ घेणार असाल तर ही पट्टी काढून बघा: त्यात ती ॲल्युमिनियमची असायची, चेपली जाते. टी३एक्समध्ये स्टीलची आहे. होवात लग रिसीव्हरबरोबरच फोर्ज केलेला, ही कटकटच नाही.

आणि रायफल पुढे ठाण्याला आणायचं मनात धरून बोर निवडू नका. ७.६२ ची लष्करी गोळी जिच्यात बसते अशी बोल्ट ॲक्शन आपल्या शस्त्र नियमांत प्रतिबंधित बोरमध्ये मोडते. .३०८ त्यातच आली.

घोडबंदरकर
आभार. ट्रिगर आणि सेफ्टीचं वाचून होवाकडे झुकलो होतो, पण चढ आठवला की पुन्हा टिक्का. तिकडे सगळे सप्रेसर (नळीच्या टोकाला आवाज दाबणारा डबा) लावतात म्हणे. त्याने निवड बदलते का? आणि झिरो (स्कोपची खूण आणि गोळी जिथे जुळतात ते अंतर) किती मीटरवर ठेवू?

पारसिक_बोगदा
बदलते. सप्रेसर पुढे तीन-चारशे ग्रॅम वजन टाकतो आणि झटका बराच कमी करतो, म्हणजे खाडीभाऊंचा मुख्य आक्षेप निम्मा गळाला. ५६-५७ सेंटिमीटरच्या नळीपुढे सप्रेसर म्हणजे झुडपात अडकणारी काठी, म्हणून तिकडे लोक आखूड नळी पसंत करतात. विकत घेताना नळीच्या टोकाचा आटा विचारा. एम१४×१ आणि १/२×२८ दोन्ही दिसतात, एकाचा सप्रेसर दुसऱ्यावर चढत नाही. सप्रेसर लावल्यावर झिरो पुन्हा तपासा, गोळी हमखास सरकते.

झिरो: आधी २५ मीटरवर कागदावर आणा, मग १०० वर. स्कोपच्या चक्रीचा पाव एमओएचा एक क्लिक १०० मीटरवर ७ मिलिमीटर हलवतो, २५ वर दोनपेक्षाही कमी, म्हणून जवळून चौपट क्लिक द्यावे लागतात. १५० ग्रेन (वजनाचं माप) ची गोळी १०० मीटरवर ५ सेंटिमीटर वर ठेवली तर २०० ला शून्यावर येते, ३०० ला साधारण २२-२५ सेंटिमीटर खाली. २५० च्या आत काही मोजत बसायला नको. आधी नळी कोरडी पुसा. तेलकट नळीतली पहिली गोळी इतरांबरोबर जात नाही.

वाशी_खाडी
सप्रेसर लावणार असाल तर मी पण टिक्का म्हणेन, सेफ्टीचा क्रम पाठ करून.

कागदपत्रांचं तिथे पोहोचल्या पोहोचल्या सुरू करा. लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक, ओळखीच्या माणसांची मुलाखत, घरातली तिजोरी पोलीस बघून जातात. त्यात महिने जातात आणि लायसन्स हातात आल्याशिवाय काडतूससुद्धा मिळत नाही. शस्त्र नोंदणी २०२३ पासून आहे, तीही करावी लागेल. सरकारी संवर्धन जमिनीवर जायला डॉक (तिथलं संवर्धन खातं) चा परवाना ऑनलाइन आणि फुकट मिळतो. त्यांच्या झोपडीत शिरताना बोल्ट बाहेर, गोळ्या वेगळ्या. भाड्याचं घर घेणार असाल तर तिजोरी भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की करायची परवानगी घरमालकाकडून लेखी घ्या, करारावर सही करायच्या आधी.